पाण्याचं काम

टॉवेल आधी माझ्या मनगटावर,
मग तुमच्या उजव्या गालावर.
डाव्याला आता ऊन काय नि गार काय,
तो नुसता ऐकून घेतो
कचेरीतल्या कारकुनासारखा.

आपा, तुम्ही बोट वर करता : अजून.
मी तपेलीत पुन्हा बुडवते, पिळते.
वाफ खिडकीकडे जाते.
बाहेर कुडचडे स्टेशनात मालगाडी
सकाळपासून सिग्नलला अडलेली.

वस्तरा अजून डब्यातच आहे.
वस्तऱ्याची घाई येड्याला,
हे तुम्ही दामूला शिकवत होता, मला नाही.
मी गल्ल्यापाशी सुटे पैसे मोजायची
आणि एक कान तिकडे ठेवायची.
दाढी पाणी करतं, पातं फक्त उचलून नेतं.
दामू आता स्विंडनला गोदामात खोकी उचलतो.
शिकवलेलं माझ्याकडे राहिलं,
कुणीतरी विसरून गेलेल्या छत्रीसारखं.

खाण चालू होती तेव्हा
ट्रकवाले संध्याकाळी यायचे
दाढीत तांबडा डोंगर घेऊन.
पहिलं पाणी मातीचं, म्हणायचात,
दुसरं घामाचं,
तिसऱ्या पाण्याला माणूस दिसतो.
कायतानची दाढी म्हणजे नारळाचं सोडण;
त्याला पाच मिनिटं जास्त टॉवेल,
आणि त्या पाच मिनिटांत तो
बायकोचं, भावाचं, शेताच्या बांधाचं
सगळं सांगून मोकळा.
तुम्ही ते पाण्याबरोबर मोरीत सोडलंत.
घरी कधी आणलं नाहीत.
मग खाण बंद पडली
आणि पहिलंच पाणी स्वच्छ निघू लागलं.
त्या दिवसांत तुम्ही कमी जेवायचात.

खोबरेल, तीन थेंब. चौथा माझ्या हातून पडला.
आता बोटं उलटी फिरवते,
केस कुठं अडतात ते बघत.
हनुवटीखाली तुमच्या एक भोवरा आहे.
चाळीस वर्षं एका घरात,
मला माहीत नव्हता.
गळ्याच्या डाव्या अंगाला केस वर चढतात,
भरतीला पुलाखाली नदी
उलटी चालते तसे.
तिथं आधी खालून वर जायचं नाही,
लक्षात ठेवते.

वाटीत साबण. ब्रश झटकून, मग गोल गोल.
दामूच्या फेसाला तुम्ही हसायचात :
हे काय, कोलव्याच्या लाटेवरून आणलंस?
माझ्या फेसाकडे बघता.
अर्धं तोंड हसतं.
पास की नापास, कळायला
उरलेलं अर्धं हवं होतं.

गाल फुगवा, म्हणते मी, सवयीनं,
तुम्ही गिऱ्हाइकाला म्हणायचात तसं.
वारा डावीकडून फुस्सकन निघून जातो.
पुन्हा. पुन्हा फुस्स.
तिसऱ्यांदा कळतं की
गाल मीच फुगवून बसलेय, माझा,
आणि तुम्ही त्याच्याकडे
न्हाव्याच्या नजरेनं बघताय.

सैल कातडी ताणायला मग माझा अंगठा,
कानाजवळ, थोडा वर.
तुमची मुलगी होऊन
मी तुम्हाला असं कधी धरलं नव्हतं.

आता डबा.
चामड्याचं एक टोक खिडकीच्या गजाला बांधणार,
तेवढ्यात तुमचा उजवा हात पुढे येतो.
द्या, असं नाही; दे, असंही नाही;
नुसता उघडा हात.
टोक तुम्ही धरता. घट्ट.
पाठ पुढे, धार मागे,
वळताना पाठीवरूनच वळायचं.
सप्, सप्.
तुम्ही डोळे मिटून ऐकता.
बोट वर : अजून.
सप्, सप्.
अजून.

मालगाडी हलते.
भांडी फळीवर थरथरतात.
तुमच्या गालावरचा फेस
या सगळ्यात कधी सुकला कुणास ठाऊक,
कडेनं पापुद्रे धरलेत.

तुम्ही डोळ्यांनी तपेली दाखवता.

बरं.
पाणी तापत ठेवते.